स्वभावाला औषध नाही (आणि रात्री साडेअकराला मागवलेला एअर फ्रायर)

गवती_चहा

मंडळी, आधी कबुली देतो. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला, अंधारात, पोरगं कुशीत झोपलेलं असताना एका हाताने मी एअर फ्रायर मागवला. गरज अजिबात नव्हती, आमच्याकडे तळण होतं तेच मुळी दिवाळीला नाहीतर पाहुणे आले तर. खोकं आलं तेव्हा बायको काही बोलली नाही, तिने नुसतं माळ्याकडे बघितलं. माळ्यावर वाफेची इस्त्री आहे, पाठीचा मसाजर आहे आणि ब्रेड करायचं एक मशीन आहे ज्यात एकदाच ब्रेड झाला आणि त्याचा आम्ही उपमा करून संपवला. आई मात्र बोलली. म्हणाली, जाऊ दे गं, स्वभावाला औषध नाही.

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणजे बघा, मी उतावळा आहे हे कशावरून? तर घाईघाईत खरेदी करतो त्यावरून. आणि घाईत खरेदी का करतो? तर उतावळा आहे म्हणून. ह्यात कळलं काय कोणाला? स्किनर, म्हणजे मनात डोकावण्यापेक्षा दिसणारं वागणं अभ्यासणारा वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ, ह्याच प्रकारावर वैतागायचा. त्याचं म्हणणं असं की वागण्याला एक नाव दिलं आणि तेच नाव परत कारण म्हणून वापरलं तर ते खोटं स्पष्टीकरण. त्यापेक्षा बघा की वागण्याच्या आधी काय होतं, माणूस नेमकं काय करतो आणि लगेच नंतर त्याला काय मिळतं. बास, ह्या तीनच गोष्टी.

मग मी तीन आठवडे ह्या तीन गोष्टींचे खण आखून एक वही ठेवली. १४ खरेद्या झाल्या (हो, १४, हसू नका). त्यातल्या ११ रात्री दहानंतर, आडवं पडून, पोरगं झोपल्यावर. ऑफिसातून एकही नाही. आणि गंमत म्हणजे ऑफिसात मला 'फाईल दाबून बसणारा' म्हणतात, तीन कोटेशन आल्याशिवाय मी पंख्याच्या दुरुस्तीवर सही करत नाही. आता मला सांगा माझा 'स्वभाव' कुठला, सकाळचा की रात्रीचा?

केळफूल

छान लिहिलंय, पण पटलं नाही. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात, एकाच पगारात, एकाच आईचा मार खात वाढलो. मी भाऊबीजेचे पैसे पुढच्या भाऊबीजेपर्यंत पुरवायची, ती दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात. आजही तसंच आहे. परिस्थिती सेम, वागणं वेगळं, मग फरक स्वभावाचाच ना? पाळण्यातलं बाळसुद्धा एक शांत असतं, एक भोकाड पसरतं. त्याला काय कोणी बक्षीस दिलं होतं भोकाड पसरल्याबद्दल?

तिसरी_घंटा

दिलं होतं की. भोकाड पसरलं की उचलून घेतात.

(जातो, चहा ठेवलाय.)

कबुतरबाज

ह्या विषयावर आमच्या कबुतरांना बोलू द्या. १९७२ साली हॉवर्ड रॅक्लिन आणि लिओनार्ड ग्रीन ह्या दोघांनी कबुतरांवर जो प्रयोग केला तो मला अजूनही भारी वाटतो. कबुतरापुढे दोन बटणं. एकावर चोच मारली की लगेच दोन सेकंद धान्य. दुसऱ्यावर मारली की चार सेकंद काहीच नाही आणि मग चार सेकंद धान्य, म्हणजे दुप्पट. कबुतर काय करणार, जवळजवळ दरवेळी लगेचचं घेतं. उतावळी जमात, असं म्हणून आपण घरी जाऊ शकतो.

पण त्यांनी ह्याच्या आधी एक पायरी वाढवली. आधी दोन वाटांतली एक निवडायची. एका वाटेने गेलं की थोड्या वेळाने वरचीच दोन बटणं पुढ्यात येणार. दुसऱ्या वाटेने गेलं की फक्त उशिराचं, दुपटीचं बटण येणार, लगेचचं बटण दिसणारच नाही. म्हणजे ही दुसरी वाट धरणं म्हणजे स्वतःचे हात स्वतःच बांधून घेणं. मधला वेळ अगदी कमी होता तोवर कबुतरं पहिल्या वाटेने जायची, पण तो वाढवत १६ सेकंदांपर्यंत नेला तसतशी बहुतेक कबुतरं दुसऱ्या वाटेने जायला लागली. तेच कबुतर, तेच धान्य. बदललं काय तर मोहापासूनचं अंतर.

आपलं पण तेच असतं. रात्री अकराला पाच वाजताचा गजर लावणारा माणूस आणि पाचला तो बंद करणारा माणूस एकच ना?

ह्याचं गणितही आहे, जेम्स माझूर ह्यांनी १९८७ मध्ये मांडलेलं. बक्षिसाची मनातली किंमत म्हणजे रक्कम भागिले (१ अधिक के गुणिले दिवस). के म्हणजे तुमचा अधीरपणा. समजा के ०.०५ आहे. आज ५०० किंवा महिन्याने १०००. महिन्यानंतरच्या हजाराची आजची किंमत १००० भागिले २.५ म्हणजे ४००, म्हणून तुम्ही आजचे ५०० उचलता. आता दोन्ही ६० दिवस पुढे ढकला. ५०० ची किंमत होते १२५ आणि ९० दिवसांनंतरच्या हजाराची साधारण १८२. आता हजार जिंकले! के तोच, माणूस तोच, फक्त दोन्ही गोष्टी लांब नेल्या.

गवती_चहा

कबुतरबाज, साष्टांग. म्हणजे रात्री साडेअकराला 'घरपोच उद्या सकाळी ८ पर्यंत' असं लिहिणाऱ्या माणसाला हे सूत्र माझ्याआधी कळलेलं आहे.

केळफूल

थांबा थांबा, के म्हणजे तुमचा अधीरपणा असं तुम्हीच म्हणालात. मग तो प्रत्येकाचा वेगवेगळा असतो आणि वर्षभराने मोजला तरी बराचसा तोच निघतो हेही अभ्यासातून आलेलं आहे, मी मुद्दाम शोधून वाचलं. हेरॉईनच्या व्यसनात अडकलेल्यांचा के इतरांपेक्षा मोठा निघतो हे १९९० च्या दशकातच दाखवलंय. मग मागच्या दाराने स्वभाव परत आत आलाच की. मी आणि माझी बहीण, आमचे दोघींचे के वेगळे, मिटलं.

निवांत_बाकडं

समुपदेशनात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

केळफूल, मुद्दा बरोबर आहे. वर्तनवादी लोक फरक नाकारत नाहीत, ते एवढंच म्हणतात की फरकाला नाव देऊन थांबू नका, तो आला कुठून आणि हलतो कशाने ते बघा. माझूर आणि लोग ह्या दोघांनी १९७८ मध्ये कबुतरांना दोन्ही बक्षिसं आधी सहा सेकंद उशिराने दिली. दोन्ही सारखीच उशिरा मिळतायत म्हटल्यावर कबुतर मोठंच घेणार. मग छोट्या बक्षिसाचा उशीर एवढा एवढासा कमी करत करत शून्यावर आणला. इतक्या हळूहळू आणला की ती कबुतरं मोठ्यासाठी थांबायला शिकली, निदान साध्या कबुतरांपेक्षा कितीतरी जास्त. मग आता त्यांचा स्वभाव बदलला म्हणायचं का?

दुसरं म्हणजे 'उतावळा' ह्या एका शब्दात आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. थांबता न येणं, म्हणजे आत्ताचे ५००. सुरू झालेलं आवरता न येणं, म्हणजे जीभ सुटली ती सुटली. आणि विचार न करता उडी मारणं. उतावळेपणा मोजायची बॅरट ह्यांची ३० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली आणि त्याच माणसाला संगणकावर थांबा-चला प्रकारचं (एका खुणेला बटण दाबा, दुसरीला हात आवरा) काम करायला दिलं तर दोन्हींचा एकमेकांशी संबंध फार क्षीण निघतो, २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं तर तो ०.१० च्या आसपास आला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते एक आणि हाताने करतो ते दुसरं. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल ह्यांनी १९६८ मध्ये हेच वेगळ्या अंगाने मांडलं होतं, की गुणविशेषांच्या चाचणीवरून एखाद्या ठिकाणचं प्रत्यक्ष वागणं सांगायला गेलं तर संबंध ०.३० च्या वर क्वचितच जातो. मिशेल कट्टर वर्तनवादी नव्हते हो, पण त्या पुस्तकाने बराच दंगा झाला.

तिसरं, आणि हे गमतीत घेऊ नका. 'स्वभावाला औषध नाही' हे काही लोकांच्या बाबतीत शब्दशः चूक आहे. लहानपणापासून शाळेत, घरी, मित्रांत, सगळीकडेच आवरता येत नसेल तर ते एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याचा विकार) असू शकतं, त्याला औषधं आहेत आणि ती चालतात. धागा वाचून कोणी चालू गोळ्या बंद करू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

खडू_आणि_डस्टर

मी चौथीला शिकवते. आमच्या वर्गात एक पिल्लू आहे, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर ओरडणार. बाकावर उभं राहून. मी दरवेळी म्हणायचे, 'अरे हात वर कर की!' आणि सगळा वर्ग हसायचा. दोन महिने हेच, आणि ओरडणं वाढतच गेलं. मग त्याचं नाव फळ्यावर लिहायला लागले, तर ते नाव बघून पठ्ठ्या खूश!

डीएडला शिकलेलं सगळं विसरले होते. मी रागावतेय असं मला वाटत होतं, त्याला मात्र दर तासाला दहा वेळा बाईंचं तोंड आपल्याकडे आणि वर चाळीस पोरांचं हसू मिळत होतं. एवढा भाव तर पहिल्या नंबरालाही मिळत नाही. मग ठरवलं, ओरडलेलं उत्तर ऐकूच यायचं नाही. पहिला आठवडा भयंकर गेला, ओरडणं दुप्पट झालं, डबा आपटून झाला, शेजारच्या वर्गातल्या बाई बघून गेल्या. (असं होतंच म्हणे, मिळणारी गोष्ट बंद झाली की आधी जोर वाढतो, आणि नेमकं तिथेच आपण कंटाळून सोडतो.) त्याच वेळी दुसरीकडे, हात वर केला की अर्ध्या सेकंदात मी त्याला विचारायचे. नंतर दोन सेकंदांनी. नंतर आधी एका मुलीला विचारून मग त्याला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चार-पाच जणांची उत्तरं होईपर्यंत हात वर धरून बसायला लागला, दुसऱ्या हाताने त्याला आधार देऊन.

निवांत_बाकडं म्हणतात ती कबुतरं आत्ता वाचली. मी तर हे अंदाजानेच केलं होतं.

इचलकरंजीकर

माझे वडील पिग्मी एजंट होते. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, दुकानदार, हातगाडीवाले, मागावरचे कामगार ह्यांच्याकडून रोज संध्याकाळी दहा, वीस, पन्नास रुपये गोळा करायचे, वहीत लिहायचं, पतसंस्थेत भरायचे. ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीकडे पुढे जी सिंडिकेट बँक झाली तिने सुरू केली आणि मग आपल्याकडे गल्लोगल्ली पसरली.

मी सुट्टीत अण्णांच्या सायकलवर मागे बसून जायचो. एक भज्यांच्या गाडीवाला होता, त्याचे हात पिठाचे असायचे म्हणून तो गल्ल्याकडे नुसती हनुवटी करायचा, अण्णा स्वतः वीसची नोट काढायचे, त्याला दाखवायचे आणि वहीत लिहायचे. सायकल दहा मिनिटं उशिरा पोचली की ओरडायचा, 'अण्णा, लवकर येत जावा, ह्या पैशाला पाय फुटत्यात.' गाडीच्या समोरच देशी दारूचं दुकान होतं. व्याज असं काही फार नव्हतं, मधेच मोडलं तर तेही कापायचे. तरी लोक भरायचे, कारण त्यांना व्याज नकोच होतं, पैसे रात्री आठच्या आत हाताबाहेर जायला हवे होते. कबुतरबाजांच्या दुसऱ्या वाटेला आमच्याकडे सायकल म्हणतात. भिशीचंही तेच, बायका काय मूर्ख आहेत का बिनव्याजी पैसे फिरवायला?

पण पुढचं ऐका. एका वर्षी ती पतसंस्था बुडाली. नाव घेत नाही. अण्णांनी लोकांचे पैसे खाल्ले नव्हते पण लोकांना दिसायचे अण्णाच. भजीवाल्याचे मुलीच्या लग्नासाठी जमवलेले अडकले ते अडकलेच. त्यानंतर दुसऱ्या संस्थेचा माणूस त्याच्याकडे गेला तर म्हणाला, 'आता रोजचं रोज खातो.' आणि खरंच तसाच वागायला लागला, नवा टीव्ही, नवी गाडी हप्त्यावर. गल्लीत सगळे म्हणायचे उधळ्या झाला. अण्णा एवढंच म्हणायचे, थांबून काय मिळालं त्याला?

कबुतरबाज

इचलकरंजीकर, काटा आला अंगावर.

तुमच्या अण्णांच्या प्रश्नावर प्रयोग झालाय. ती मुलांची आणि मार्शमॅलोची चाचणी सगळ्यांना माहीत आहे, मिशेल ह्यांचीच, स्टॅनफर्डच्या बिंग नर्सरीत, आत्ता एक खा नाहीतर थांबलास तर दोन. वर्षानुवर्षं आपल्याला सांगितलं गेलं की थांबणारी पोरं पुढे यशस्वी होतात. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी रोचेस्टरला २८ मुलं घेतली आणि चाचणीच्या आधी चित्रं काढायला बसवली. बाई म्हणाल्या, थांबा हं, जास्त चांगले रंग आणते. १४ जणांना खरंच आणून दिले. १४ जणांकडे परत येऊन म्हणाल्या, सॉरी, संपलेत. मग मार्शमॅलो. ज्यांना रंग मिळाले ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना मिळाले नाहीत ती ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटात ९, दुसऱ्यात १.

नुसत्या 'सॉरी, संपलेत'ने हे झालं. भजीवाल्याची तर पतसंस्था बुडाली होती.

केळफूल

मी परत आले. ते 'यशस्वी होतात' प्रकरण २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांवर तपासलं तर संबंध निम्म्यावर आला आणि घरची परिस्थिती धरली की त्यातलाही बराचसा गेला, हे माझ्या बाजूच्या विरोधात आहे पण प्रामाणिकपणे लिहितेय.

आणि एक. इचलकरंजीकरांचं वाचून बहिणीला फोन केला. भाऊबीजेची गोष्ट काढली तर म्हणाली, 'तुझे पैसे तुझ्या कप्प्यात होते गं, माझे आई उसने घ्यायची घरखर्चाला आणि परत द्यायची विसरायची. मी कशाला ठेवू?' मला हे पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. मी मोठी म्हणून माझ्या कप्प्याला कुलूप होतं.

तरी सगळं तेवढंच आहे असं मी मानणार नाही. ती भाजीसुद्धा फोडणी होईपर्यंत थांबत नाही.

नांगरट

इथे एक आपल्या जवळचं सांगायला हवं. तामिळनाडूत ऊस लावणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता. तोच शेतकरी तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणी होऊन बिल मिळाल्यावर. स्वतःला आवरून उत्तर द्यायची जी चाचणी असते ती आणि कोडी, दोन्हींत तोच माणूस बिल मिळाल्यावर बरा निघाला. मी कोल्हापूरकडचा, मला हे सांगायला शास्त्रज्ञ नको होता. बिल थकलं की वडील आमच्यावर विनाकारण खेकसायचे, बिल जमा झालं की तेच वडील दोन किलो मटण घेऊन यायचे. आम्ही पोरं त्यांचा स्वभाव कारखान्याच्या तारखांवरून ओळखायचो.

उलट्या_दिशेने

सगळं ठीक आहे पण माणूस म्हणजे कबुतर नाही. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ मध्येच स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाची पिसं काढली होती. तुमच्या तीन खणांच्या वहीत मनात काय चाललंय त्याला जागाच नाही. गवती_चहा रात्री खरेदी करतात तेव्हा एकटेपणा असेल, ऑफिसचा ताण असेल, त्याचं काय? शिवाय हे शास्त्र शेवटी कोणाच्या कामी आलं बघा. वॉटसन, वर्तनवादाचा आद्यपुरुष, विद्यापीठ सुटल्यावर थेट जाहिरात कंपनीत गेला. आज फोनवर जे खाली ओढून ताजं करतो आपण, कधी काही मिळतं कधी नाही, ते स्किनरच्या अनियमित बक्षिसाचंच वेळापत्रक आहे. बेट लावणाऱ्यांच्या मटक्यातही तेच होतं.

गवती_चहा

उलट्या_दिशेने, मटक्याचं एकदम पटलं. मनाचं म्हणाल तर वहीत एक चौथा खण घातला होता, 'तेव्हा कसं वाटत होतं'. अकरापैकी आठ वेळा लिहिलंय 'दिवस संपला आणि माझं असं काही झालंच नाही'. हे मी आधी लिहिलं नव्हतं, लाज वाटली. म्हणजे मला मिळत होतं ते एअर फ्रायर नव्हतंच, ते 'ऑर्डर झाली' दिसल्यावरचं एक मिनिट होतं. वस्तू आली की उलट कंटाळाच यायचा.

तर अपडेट. कार्डाचा सेव्ह केलेला नंबर काढला, ॲप काढलं. आता हवं ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बायकोबरोबर बसून मागवायचं. ९ गोष्टी लिहिल्या, रविवारी वाचल्यावर २ घेतल्या, एका नोंदीवर तर मीच विचारलं की हे 'सिलिकॉन' काय लिहिलंय, मलाच आठवेना. फक्त ह्याने भागणार नव्हतं म्हणून रात्री पोरगं झोपल्यावर आम्ही दोघं गच्चीत वीस मिनिटं बसतो. ते बायकोने सुचवलं, ती स्किनर वाचत नाही.

आणि मग नागपूरला दोन दिवस कामाला गेलो. हॉटेल, रात्र, आडवा पडलेलो, गच्ची नाही, कॅलेंडर नाही. ॲप परत टाकलं. गळ्यात अडकवायचा पंखा मागवला.

तिसरी_घंटा

नागपूरला गळ्यात पंखा हा उतावीळपणा नाही, ती गरज आहे.

गवती_चहा

डिसेंबर होता हो.

केळफूल

आणि एअर फ्रायरचं काय झालं शेवटी?

गवती_चहा

चालू आहे. आई त्यात पापड भाजते आणि रोज सांगते की गॅसवर जास्त चांगले होतात.